चार फूट अकरा इंचांची शोभाताई

जाम, १२ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप शोभाताईस,

जामहून बंडूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रूपराव भाऊजींचा खोकला? इकडे मंदा बरी आहे, मीही बरा (वजन ७८ किलो).

स्वतःच्या हातानं मी आजवर काय काय केलं ते तुला माहीत आहे, तरी नोंद असावी: विहिरीच्या मोटरचं वाइंडिंग, दोन कूलर, बाबांची आरामखुर्ची, तुझी पुरणाची चाळणी आणि (विषय काढत नाही) तुझ्या आचलच्या लग्नातली नवरदेवाची फिरती खुर्ची. आता यादीत एक भर पडली आहे. ती म्हणजे तू.

घाबरू नको. नागपूरहून जुने सुटे भाग आणून मी कॉम्प्युटर जोडला. इंटरनेटवर एक दुनिया आहे; तिथं जाताना अंग आपणच घडवायचं, नाव आपणच ठेवायचं, मग रस्त्यानं फिरायचं आणि भेटेल त्याच्याशी टाइप करून बोलायचं. आधी मी मलाच केलं. पोट, टक्कल, लेथवर गेलेलं करंगळीचं पेर, सगळं मोजून. कोणी बोलेना. एकीनं दुकानदार समजून दिव्याचा भाव विचारला. मंदा मागून म्हणाली, "तिथं जाऊनही असेच राह्यता, तं घरी काय वाईट होतं?"

मग बाई व्हायचं ठरवलं. (दोन दिवस चहात साखर नव्हती.) पण मला मापासकट ठाऊक असलेली बाई एकच, तू; मंदा माप घेऊ देत नाही. आपल्या जुन्या चौकटीवर तुझ्या उंचीची खूण आहे: चार फूट अकरा इंच. केस पिकलेले, चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली, नऊवारी लुगडं. लुगड्यानं पंधरा दिवस खाल्ले. तिथं कपडा अंगावर रंगासारखा चढतो. मी मात्र खरोखरचं नऊ वार कापड केलं, तर तू बसलीस की निऱ्या खुर्चीतून आरपार.

तिथल्या बायका सात-सात फुटी, सगळ्या पंचविशीतल्या. त्यांच्यात ही ठेंगणी म्हातारी पाहून लोक थांबू लागले. मी डिक्शनरी जवळ घेऊन, इंग्रजीत पण तुझ्याच तऱ्हेनं, प्रत्येकाला विचारायचो, "जेवला का?" एवढ्यावर माणसं बसायची आणि घरचं सांगायची.

त्यात एक निळा बोका, दोन पायांवर चालणारा. (खरा माणूस कॅनडात बस चालवतो.) त्यानं बहिणीच्या घरी केक केला, तो फुगलाच नाही, ती पाहुण्यांदेखत हसली. दोन वर्षं हा तिच्याकडे गेला नाही. मला विचारतो, आजी, चूक कोणाची?

ताई, मी बोटं कीबोर्डवर ठेवली. बंडू असतो तर लगेच लिहिलं असतं, बहिणीची. त्या लग्नातल्या खुर्चीची मोटर मिनिटाला चौदाशे फेऱ्यांची, मी गिअर लावून तीनवर आणलेली, गिअर निसटला त्यात माझा काय दोष? आणि नवरदेव पडला नाही, फेटाच उडाला. तरी तू भर मांडवात म्हणालीस, "बंड्या, तुले कोणं सांगतलं होतं?" मी न जेवता निघालो. पण तिथं मी तू होतो. तुझ्या तोंडी खोटं घालवेना. भाऊजींच्या हाती तू बसस्टँडवर डबा पाठवला होतास, बुंदी वेगळी बांधून. तो मी परत केला.

बोटांनी लिहिलं, "हसली ते खरं. पण मंग तुले वाढलं होतं का तिनं?" बोक्यानं शेपटी हलवली. म्हणाला, हो. तू म्हणालीस, "मंग जाय. जेवून घे."

भाऊजींना नमस्कार, आचलच्या लेकराला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बंडू

ता. क. एक तांत्रिक अडचण. तुझ्या हनुवटीवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, आठवत नाही. पत्रानं कळवू नको, मी दुसऱ्याच्या मापावर काम करत नाही. दोन भाऊबीजा गेल्या. या भाऊबीजेला येऊन स्वतः पाहतो. बुंदी करजो.

ता. क. २. बोका काल आला होता. बहिणीकडे जाऊन जेवून आला. म्हणाला, ही आजी मला विकत दे. मी सांगितलं, बहीण आहे, विकायची नाही. देत होता शंभर डॉलर, म्हणजे आजच्या भावानं तीन हजार नऊशे चाळीस रुपये.