भाताच्या वहीतले डाग

कापडे, १२ फेब्रुवारी २००४

चि. सरितास श्रीपतकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू महाडहून पाठवलेली सीडी पोलादपूरच्या कॉम्प्युटर क्लासात लावून पाहिली. माझ्या भाताच्या वहीचं ई-बुक करते म्हणालीस, तेव्हा मी मान डोलावली, हीच चूक. काय गं हा थाट! पटणीच्या पानाला मोरपिसांची चौकट, तांबड्या भाताला सोनेरी सावली. भाताचे वाण आहेत की लग्नपत्रिका?

तेही चालवून घेतलं असतं. पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यातला काळा डाग कुठे गेला? तो डाग नव्हता, तुझ्या काकूचा अंगठा होता. नवा वाण आणला की ती शिजवून बघायची, पेज पिऊन बघायची, आणि मनाला आलं तरच तव्याची काजळी लावून अंगठा उठवायची. तिने नाही उठवला, तर मी ते पान फाडून टाकत असे. मास्तर मी, पण पास-नापास तिच्या हातात. तिला जाऊन पाच वर्षं झाली. घरात तिचा एक धड फोटो नाही. होतं तेवढं तू पुसलंस. फार संताप आलाय.

उन्हातून फिरू नकोस. रागावलो तरी माया आटलेली नाही.

तुझा,
श्रीपतकाका


महाड, १७ फेब्रुवारी

ती. श्रीपतकाकांस सरिताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्याइतकीच तापले. छपाईच्या दुकानातल्या पत्रिका-पावत्यांची कामं उरकून दीड महिना या वहीवर बसले. फोटोशॉपमध्ये पानं साफ केली, कोरलमध्ये चौकटी काढल्या, पेजमेकरमध्ये मजकूर बसवला, मग सगळं जुळवून पीडीएफ केली. डाग दिसला की पुसायचा, हे आमचं कामच आहे. मोरपिसं जास्त झाली, कबूल. काढते.

पण ते अंगठे काकूचे, हे मला कळावं कसं? काल वही पुन्हा चाळली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तुमचं नाव, खाली पदवी, खाली गाव. काकूचं नाव सत्तेचाळीस पानांत एकदाही नाही! मी पुसलं ते न कळून. तुम्ही तर लिहिलंच नाहीत.

मूळ स्कॅन जपून ठेवलेत, अंगठे परत येतील. नाव कुठे घालायचं ते तुम्ही कळवा. जेवण टाकलं असेल तर काकूची शपथ आहे. भांडले तरी तुमचीच आहे, हे विसरू नये.

तुमची,
सरिता


कापडे, २२ फेब्रुवारी

चि. सरितास अ. आ.

तुझं पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं होतं. संताप अजून आहे, पण आता स्वतःचाच. मुखपृष्ठावर आधी तिचं नाव घाल: ‘आवडी’. त्याखाली लहान अक्षरांत माझं. पदवी काढून टाक. ती असती तर म्हणाली असती की नाव कशाला, भात चांगला हाय ना, मग झालं. तिचं ऐकू नकोस.

शेवटच्या पानावर तुला अंगठा सापडणार नाही. तो तांदूळ शिजवायच्या आधीच ती गेली. तरी ते एक पान फाडायला हात धजावला नाही. दुसऱ्या पानावरचा अंगठा उचलून तिथे लावता येतो, असं क्लासवाले सांगत होते. तसं करू नकोस. तो कोपरा कोराच राहू दे.

शिमग्याला ये. राग तिकडेच ठेवून ये, लोभ मात्र सगळा घेऊन ये.

श्रीपतकाका