पांढऱ्या पायाचं शिंगरू

मंगळवार, ४ मार्च

आज नातीनं पागेतल्या पाचही घोड्यांच्या शेपटीचे केस मुळासकट उपटले! गुरांच्या डॉक्टरकीचं शिकतेय. केस प्रयोगशाळेत जाणार, मग आपली जात कुठून आली, किती जुनी, ते कळणार म्हणे. आमचे हे खुर्चीतूनच म्हणाले, तीनशे वर्षं, विचारायचं काय त्यात?

मला अक्षर येत नाही, म्हणून हेही तीच लिहितेय. मोठं काढ गं, वाचल्यासारखं तरी करीन.

बुधवार, ५ मार्च

केस गेले. निकाल कधी येणार, तीनदा विचारलं.

रविवार, ९ मार्च

नात पुस्तकातून वाचून दाखवत होती. शर्यतीच्या घोड्यांची अख्खी जात म्हणे तीन नरांवर उभी आहे. आणि घोडा माणसाळला त्याला चार हजार वर्षं झाली. मी म्हटलं, पहिली लीद कुठल्या बाईनं काढली ते नाही लिहिलं?

ती हसली. मग म्हटलं, आता लिही आणि मान वर करू नकोस.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन वर्षं घोडीला शिंगरू नव्हतं. आपल्या नराकडे नेऊन नेऊन थकलो. यांना जेवण जाईना. घोडी पुन्हा माजावर आली, हे परगावी. मी भरदुपारी तिला दूधवाल्याच्या गाडीच्या घोड्याकडे नेलं. दार आमच्या मोतद्दारानंच उघडून दिलं — वीस वर्षं घोड्यांना खरारा करणारा माणूस. "सांभाळून, वहिनी," एवढंच म्हणाला.

अकरा महिन्यांनी शिंगरू झालं. गोड! पण मागचा एक पाय पांढरा. आमच्या जातीत पांढरा केस चालत नाही. नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकं आली होती. यांनी मोतद्दाराला त्यांच्यासमोर उभं केलं — घोडी तुझ्या ताब्यात, मोकळी सुटलीच कशी? त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलला नाही. मीही नाही. संध्याकाळच्या आत बायकोला घेऊन गेला.

शिंगरू मात्र ठेवलं. गिऱ्हाईक आलं की हे त्याच्या पायाला बुटाचं काळं पॉलिश लावायचे. आजचे पाचही त्याच्याच वंशातले.

नात लिहायची थांबली. "आजी, तू सांगितलं का नाहीस?"

दोन दिवसांनी सांगेन म्हटलं होतं. ते दोन दिवस अजून चाललेत — हेही लिही.

शुक्रवार, २८ मार्च

निकाल आला. आपली जात शंभर वर्षांचीही नाही! सासऱ्यांच्या काळात चार ठिकाणचे घोडे आणून जमवलेली. दूधवाल्याचा घोडा तर पंगतीला शेवटी बसलेला पाहुणा, त्याचं वेगळं नावही निघालं नाही.

म्हणजे सुटले की मी. पण छे. नसलेल्या जातीपायी एका माणसाचं बिऱ्हाड उठलं. चौकशी केली. मुलीकडे असतो, डोळे गेलेत. जायचंय त्याच्याकडे. पण आधी यांना सांगायला हवं.

शनिवार, २९ मार्च

यांना सगळं सांगितलं. चहा संपवून म्हणाले, "मी परगावाहून आलो त्याच दिवशी दूधवाला सांगून गेला होता. गिऱ्हाइकांना कुणीतरी दोषी दाखवायला हवा होता. तुला काढता येत नव्हतं, म्हणून त्याला काढलं."