पाळक जिथे थांबले, त्याच्या पुढे

रविवार, गोरेगाव. संध्याकाळ.

राग अजून उतरला नाही. आज चर्चच्या प्रार्थनेत पाळकांनी बायबलच्या जुन्या करारातलं वचन घेतलं. या लोकांचं हृदय हट्टी आणि बंडखोर आहे, ते देवापासून फिरलेत. आणि बोलताना नजर कोणावर? माझ्या धाकट्या जावेवर, सुनीतावर! दीर वारल्यापासून ती आमच्या यांच्याकडे लेकरांसाठी धानाच्या शेतातला वाटा मागते आहे, एवढाच तिचा गुन्हा. पाळकांच्या कानावर घरचं भांडण कोणी घातलं, ते तिथेच कळलं. आमचे हे मान डोलवत होते. सुनीता खाली बघून रडत होती आणि हे मान डोलवत होते!

घरी येऊन मी तोच अध्याय काढला. पाळक थांबले त्याच्या थोडं खाली लिहिलंय की हे लोक धनवान झाले, पण अनाथांना, म्हणजे बाप गेलेल्या लेकरांना, न्याय देत नाहीत. म्हणजे देवाच्या लेखी बंड ते हेच! मग हे काऊन नाही वाचलं? मुद्दाम?

जेवताना यांना मोठ्याने वाचून दाखवलं. यांनी घास ताटात टाकला.

"तू बी बंडखोर होऊन राहिली काय?"

"होय. पण देवाशी नाही, तुमच्याशी."

ताटावरून उठून गेले. जाऊ देत. मी सरळ सुनीताकडे गेले, म्हटलं, उद्या दोघी तलाठ्याकडे जाऊ, सातबाऱ्यावर लेकरांची नावं लावायला.

यांच्या विचाराने ती घाबरली. "ताई, भासरे काय म्हणतीन?"

"म्हणू दे. वाटा लेकरांचा आहे. पोरांना बी सोबत घे."