आठव्या गाण्याची झील

मी, नंदिनी लहानू गजभिये, वय छत्तीस, राहणार इंदोरा, नागपूर, धंदा दिवसा लकडगंजात एका लाकूड व्यापाऱ्याकडे बिलं करणे आणि उरलेल्या वेळात ‘कोळसाखाण’ नावाच्या बँडमध्ये गाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नशापाणी केलेलं नाही, खर्रासुद्धा नाही. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. भीतीचा दबाव आहे आणि तो पुष्कळ आहे, पण कायदा भीतीला दबाव धरत नाही, असं माझी मैत्रीण अॅडव्होकेट करिष्मा म्हणते. मी म्हटलं, मग तो कायदा लिहिणारा कधी ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेला नसेल.

कारण असं की माझ्या गळ्यात गाठ आहे. तपासणीचा रिपोर्ट चांगला नाही, म्हणून थांबता येत नाही. येत्या गुरुवारी धंतोलीच्या दवाखान्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका फार कमी. आवाजाची नस मात्र गाठीला अगदी खेटून गेली आहे, ती वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. ‘प्रयत्न’ हा शब्द ऐकला आणि मे महिन्यात, नागपुरात, माझे पाय गार पडले.

मी त्यांना विचारलं, “कोणता आवाज जाईल?” ते गोंधळले. मी सांगितलं, मला दोन आहेत, एक बोलायचा आणि एक गायचा. ते म्हणाले, गायचा करून दाखवा बरं. दाखवला. बाहेर रांगेत बसलेले पेशंट उभे झाले. कुहीकडून आलेले एक बाबा दार ढकलून आत आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बाईले आधी भूल तरी द्या ना जी!” डॉक्टर हसले, मीसुद्धा हसले. मग त्यांनी नळीचा कॅमेरा घशात घालून पाहिलं आणि म्हणाले, हा तर तुम्ही स्वरतंतूंनी काढतच नाही. मी म्हटलं, हो. खऱ्या तंतूंच्या वर मांसाच्या दोन घड्या असतात, त्या थरथरवायच्या आणि पोटातला दम सावकाश सोडायचा. ओरडायचं नसतंच. घसा दुखला तर समजायचं की चुकलं. ते म्हणाले, पण दम कोंडायला तीच नस लागते. म्हणजे दोन्ही जातील. त्यानंतर मी हसले नाही.

सबब माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे.

कलम एक. इंदोऱ्याच्या दोन खोल्या माझ्या आणि आईच्या नावावर आहेत. माझा हिस्सा आई पंचफुला लहानू गजभिये हिचा. बँकेत आहे तेही तिचंच. कुहीची धानाची बांधी काका कसतात, ती बाबांच्या वाट्यातली असली तरी काकांकडून काढून घेऊ नये. चिखलात पाय त्यांचेच गेले आहेत.

कलम दोन. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुमतीबाईंनी, मी सराव करत असताना, खाली बाईचा खून होत आहे असा पोलिसांना फोन केला होता. दोन हवालदार आले, आईने त्यांना चहा पाजला, आणि त्यातला एक जाता जाता म्हणाला, “ताई, मर्डर जरा हळू करत जा.” सुमतीबाईंना मी काहीही देत नाही. करिष्मा म्हणते की साक्षीदार मृत्युपत्रातून काही मिळणाऱ्यांपैकी नसावा, नाहीतर उद्या कोणी मृत्युपत्रावर बोट ठेवतं. तेव्हा सुमतीबाई साक्षीदार म्हणून एकदम फिट आहेत.

कलम तीन. माझा मावसभाऊ हर्षित याने आमच्या ‘सत्तेचाळीस अंश’ या अजून अपुऱ्या अल्बमची पहिली तीन गाणी ऐकून घराच्या ग्रुपवर लिहिलं, “हे गाणं आहे का वराहपालन?” वर हसरी तोंडं टाकली, मावशीने अंगठा दिला. मी विसरलेले नाही. माझी स्कूटी हर्षितला मिळावी, पण अट अशी की त्याने आधी कानात हेडफोन घालून सगळा अल्बम ऐकावा आणि आईसमोर बसून ऐकावा, म्हणजे मध्ये मोबाइल बघता येणार नाही. त्याला सोपं जावं म्हणून सांगते.

हर्षित, पहिल्या गाण्यात माझ्या आवाजाकडे लक्ष देऊ नको. प्रशिकच्या पायांकडे दे. तो ड्रमवर पाचाच्या मात्रेत चालतो आणि आयुषची गिटार सातात. तुला वाटेल दोघं भांडून राहिले. मोजत राहा. पस्तिसाव्या मात्रेवर दोघं एकाच ठिकाणी येऊन आदळतात आणि तिथेच मी तोंड उघडते. ती जागा गाठायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला. तिसऱ्या गाण्यात वीज जाते, सगळी वाद्यं थांबतात, आणि एकटा माझा खालचा आवाज उरतो. कूलरमधलं पाणी संपल्यावर मोटार गुरगुरते ना, तसा, एका दमात, जराही न हलता. त्या आवाजात शब्द आहेत. दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा कळतील. सहाव्या गाण्यातली उंच किंकाळी मला पालीने शिकवली. अंगावर पडली होती. आवाज निघाल्यावर मी पाल विसरले आणि तो पुन्हा कसा काढायचा ते शोधत बसले.

लोक म्हणतात हे डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत-किंचाळत गायचं संगीत, भीतीदायक आहे. अगं बाई, असणारच! मी जन्माची भित्री आहे. मला पालीची, लिफ्टची, इंजेक्शनची, कुत्र्याची, रात्रीच्या फोनची भीती वाटते. दुकानात मालक जोरात बोलले तर माझी बिलाची बेरीज चुकते. माइकसमोर उभी राहिले की तीच सगळी भीती पोटातून वर येते, त्या दोन घड्यांमधून जाते आणि बाहेर पडते, आणि मग समोरचे घाबरतात, मी नाही. तेवढा वेळ मी नाही. आवाज गेला तर माझ्याजवळ नुसती भीती उरेल आणि तिला बाहेर जायला वाट नसेल. ऑपरेशनमध्ये मरण्यापेक्षा मला याची धास्ती जास्त आहे. हे मी आईला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं, छोटी गाठ आहे, काढतात आणि सोडतात.

कलम चार. माझं काही झालंच तर त्रिशरण पंचशील घ्यावं आणि भाषणं करू नयेत. विद्युतदाहिनीत नेऊ नये, कारण तिचं दार लावतात आणि मला लावलेल्या दाराची भीती वाटते. मेल्यावर कसली भीती, असं मामा म्हणतील. मामांनी स्वतः एकदा आत जाऊन बघावं. लाकडं आमच्या मालकांकडून घ्यावीत. एवढी वर्षं मी त्यांची बिलं केली, माझं बिल त्यांनी करू नये.

कलम पाच. माझा माइक आणि वाफ घ्यायचं मशीन प्रशिकला. तो गात नाही, पण वस्तू जपून ठेवतो. बाबांची वाजवायची पेटी घरातून हलवू नये. उंदरांपासून जपावी.

कलम सहा. आयुषला उद्देशून. आयुष, तू म्हणालास, “टेन्शन नको घेऊ यार, तुझा आवाज कॉम्प्युटरवर बनवून टाकू, सेम टू सेम.” तू चांगल्या मनाने म्हणालास हे मला माहीत आहे. तरी मी लिहून ठेवते की माझ्या आवाजाची नक्कल कोणत्याही यंत्राकडून करवून घेऊ नये, एका अक्षराचीसुद्धा नाही. त्या आवाजाला भीती वाटणार नाही. मग तो कशाला ओरडेल?

कलम सात. आता आठव्या गाण्याचं. अल्बम त्याच्यामुळे अडला आहे, आणि का अडला ते सगळ्यांना नीट कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील लहानू गजभिये भीमगीतं गात. ‘लहानू गजभिये आणि पार्टी’ असं बॅनरवर असायचं. पुढे बाबा, मागे कोरस, आणि कोरसमध्ये सगळ्यांत पहिला आवाज आईचा. बाबांच्या पार्टीत एक रीत होती. गाण्याची शेवटची ओळ गायकाने म्हणायची नाही. त्याने अर्ध्यावर सोडायची आणि मागच्यांनी झील धरायची, म्हणजे ती ओळ उचलून पूर्ण करायची. बाबा म्हणत, “गायकाचा दम सरला तरी गानं सरलं नाही पाह्यजे.” मी लहानपणी मांडवात सतरंजीवर बसून हे एवढ्या वेळा ऐकलं की गाणं असंच संपतं असं मला वाटायचं.

आमचं आठवं गाणं उन्हाचं आहे. डांबर टाकणाऱ्या बायांचं. त्याच्या शेवटी ओळ आहे, “जिथं झाड नव्हतं, तिथं आम्ही सावली झालो.” रेकॉर्डिंगच्या दिवशी मी “जिथं झाड नव्हतं” एवढं जीव तोडून म्हटलं आणि थांबले. आधीच रेकॉर्ड केलेले ड्रम पुढे गेले, गिटार पुढे गेली, मी शांत. आयुष काचेपलीकडून ओरडला, “अबे, लाइन राहिली ना!” मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतो ते. मग लक्षात आलं, मी झीलकऱ्यांसाठी ओळ सोडली होती. डेथ मेटलच्या बँडमध्ये कोण झील धरणार? आम्ही खूप हसलो आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात तेवढी घेऊ. पुढच्या आठवड्यात गाठ सापडली आणि डॉक्टरांनी गायला मनाई केली.

ती जागा अजून रिकामी आहे. मी रोज ऐकते. “जिथं झाड नव्हतं” आणि मग नुसती वाद्यं. गुरुवारनंतरची मी तशीच असेन असं वाटतं. सगळं चालू, आणि माझ्या जागी काही नाही.

तरी ‘तिथं आम्ही सावली झालो’ ही ओळ मी आईला देते. मी जगले काय, मेले काय, ती तिने म्हणावी. गुरगुरायची गरज नाही. तिच्या आवाजात, मांडवात म्हणायची तशी. बाबा गेल्यापासून ती गायलेली नाही. भाजी निवडतानासुद्धा गुणगुणत नाही. मी विचारलं तर म्हणते, “घसा बसला माहा.” घसाबिसा काही बसलेला नाही, भाजीवाल्याशी भांडताना चांगला चालतो.

इथे मृत्युपत्र संपतं. खाली सह्या व्हायच्या होत्या. पण सह्या होताना जे घडलं ते लिहिल्याशिवाय हा कागद खोटा होईल, म्हणून लिहिते.

दुसरी साक्षीदार म्हणून करिष्मा आली, सुमतीबाई वरून आल्या. सुमतीबाईंनी त्यांचं कलम वाचलं, तोंड फुगवलं आणि म्हणाल्या, “मले खरंच वाटलं होतं वं कोनी मारून राहिलं म्हणून. मी तुह्यासाठीच फोन केला होता.” हे मला सुचलंच नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं.

मग मी आईला सगळं वाचून दाखवलं. धास्तीचं सोडून पुढे जायचा विचार होता, पण वाचता वाचता तेही वाचलं गेलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. आठव्या गाण्याचं ऐकल्यावर तिने करिष्माला विचारलं, “साक्षीदाराले काही भेटत नाही म्हणतं ना तू?”

“हो काकू, म्हणजे ज्याला काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार न झालेलं बरं.”

“मंग आन तो पेन इकडं.”

करिष्मा नको नको म्हणेपर्यंत आईने करिष्माच्या जागेवर सही ठोकली. तिला सही करायला वेळ लागतो, पण कोणाची हिंमत झाली नाही हात धरायची. करिष्मा डोक्याला हात लावून म्हणाली, “काकू, आता सगळं पुन्हा लिहावं लागेल.”

“लिहा. मी पुन्हा सही करीन,” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ती चिडली होती. “लेक मायची वारस असते, नंदे. माय लेकीची वारस काहून होईन वं? छोटी गाठ म्हणे! मले काय समजत नाही? धंतोलीच्या त्या पायऱ्या मी तुह्या बापासोबत चढली आहो.”

मी म्हटलं, “बाकी राहू दे. ती ओळ तरी घे.”

“गायक पुढं असल्याबिगर झील असते काय? तुहा बाप गेला, लाइन तशीच राहिली. कोनाच्या मागं धरू मी? म्हणून बसला माहा घसा.” तिने पेन टोपण लावून करिष्माला परत दिला. “तू पुढं उभी राह्य. आवाज निंघो नाहीतर नको निंघो. नुसती उभी राह्य माइकसमोर. मंग मी धरतो मागून.”

सुमतीबाई रडायला लागल्या. मी पण.

म्हणून कलम सातमधला शेवटचा परिच्छेद मी माझ्या हाताने खोडला असून त्याशेजारी आद्याक्षरं केली आहेत. त्याऐवजी असं वाचावं: आठव्या गाण्याची शेवटची ओळ कोणालाही दिलेली नाही. जखम भरल्यावर मी माइकसमोर उभी राहीन. तोंड उघडेन. काय निघेल ते मला माहीत नाही. आई माझ्या मागे असेल.

लिहून देणार : नंदिनी लहानू गजभिये (सही)

साक्षीदार :

१. सुमती, वरचा मजला (सही). काही मिळालं नाही. तक्रार नाही.

२. पंचफुला लहानू गजभिये (सही). सहीपुढे आईने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: वारस नाही. झीलकरी.

स्थळ : इंदोरा, नागपूर
दिनांक : २० मे २०२५