वदीअ मास्तरांची चौथी निवडणूक

ऐन दरदार,
ता. २ डिसेंबर २००९

चि. नजलास दादाचे अनेक आशीर्वाद.

यंदाचे ऑलिव्ह गाळून झाले. तुझा तेलाचा डबा बसवाल्याजवळ दिला आहे. हल्ली दुपारी गच्चीवर बसलो की शाळेतली कविता आपोआप ओठांवर येते, आणि पाचव्या ओळीला डोळा लागतो.

मे महिन्यात गावचा मुख्तार निवडायचा आहे. मी उभा राहतो आहे. हसू नकोस. त्रेसष्ट साली तनूसच्या वडिलांनी मला एकोणीस मतांनी पाडलं. मग आधी चालढकल, नंतर यादवी; पस्तीस वर्षं निवडणूकच नाही. अठ्ठ्याण्णवला तनूसनं अकरांनी पाडलं, दोन हजार चारला चारांनी. प्रगती आहे.

एक मागणं आहे. पहिल्या खेपेला तुझं मतदानाचं वय नव्हतं, पुढं लग्नानं तुझं नाव सासरगावच्या दप्तरात गेलं आणि मतही तिकडंच. तुझा शिबली वारला त्याला दोन वर्षं झाली. विधवेला माहेरच्या दप्तरात परतता येतं म्हणतात. वर्ष संपायच्या आत कचेरीत जाशील का? आयुष्यात एकदा तुझ्या हातानं लिहिलेली मतचिठ्ठी माझ्या नावाची असावी, एवढंच.

तुझा,
वदीअदादा


कफर तीन,
ता. ११ डिसेंबर २००९

ती. दादांस नजलाचा नमस्कार.

तेल पोचलं. खोकल्याचं काही लिहिलं नाहीस, म्हणजे तो आहेच.

दादा, हे माझ्यानं होणार नाही. दप्तरात शिबलीच्या नावाखाली माझं नाव आहे, माझ्याखाली तिन्ही मुलांची. चाळीस वर्षांचा संसार आता त्या पानावरच उरलाय. मी उठून आले तर त्याच्याखालची ओळ रिकामी पडेल. रागावू नकोस.

शिवाय तू मतं मागतोस कशी, ते ठाऊक आहे मला. लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या नातवाची कविता म्हणून घ्यायची, त्याचे उच्चार सुधारायचे आणि मत मागायचं विसरून घरी यायचं. त्या दिवशी रांधायला मात्र येईन. माझं मत नाही, निदान माझ्या हातचे खिम्याचे किब्बे तरी लोकांच्या पोटात जाऊ देत.

तुझीच,
नजला


कफर तीन,
ता. ४ मे २०१०

ती. दादांस,

नमस्कार कुठल्या तोंडानं लिहू?

तनूस दोनशे बारा आणि तू दोनशे अकरा. निकाल आला तेव्हा माझे हात पिठात होते. तू आत आलास आणि म्हणालास, वास छान सुटलाय. तेव्हाच ओरडला असतास तर बरं झालं असतं.

माझं एक मत असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत वयानं मोठ्याला पद देतात. तनूस तुझ्याहून पाच वर्षांनी लहान. म्हणजे तुला मीच पाडलं. दोन रात्री झोप नाही. सोमवारी शिबलीच्या मृत्यूचा दाखला घेऊन कचेरीत जाते आणि नाव हलवते. पुढच्या वेळी तू एकोणऐंशीचा असशील. त्याला माझा इलाज नाही.

अपराधी,
नजला


ऐन दरदार,
ता. ६ मे २०१०

चि. नजले,

हे पत्र बसवाल्याला शपथ घालून पाठवतोय. सोमवारी कुठंही जाऊ नकोस.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. त्रेसष्टला मत द्यायला निघालो तेव्हा बाबा उंबऱ्यात म्हणाले की, स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिणं म्हणजे पाहुण्याच्या आधी आपलंच ताट वाढून घेणं. मला ते पटलं. पडद्याआड जाऊन मी तनूसच्या वडिलांचं नाव लिहिलं. नंतरच्या तिन्ही खेपांना तनूसचं. मला वाटे, तोही माझंच लिहीत असेल.

काल तो कॉफीला आला तेव्हा हळूच विचारलं. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मास्तर, मी माझंच लिहितो, आणि बायकोला पण तेच लिहायला लावतो. मग म्हणाला की, तुम्ही असं कराल हे कळलं असतं तर उभाच राहिलो नसतो. हे काही खरं नाही, पण बोलला गोड.

तेव्हा हिशेब कर. माझंच मत मला पडलं असतं तर मी दोनशे बारा, तो दोनशे अकरा. मला मीच पाडलं, आणि स्वतःविरुद्ध मत तर चारदा हौसेनं दिलं. यात तुझा काय संबंध? तू दप्तरात शिबलीच्या नावाखाली आहेस, तिथंच शोभतेस.

पुढच्या वेळेपर्यंत जगलो तर उभा राहीन. आज सकाळी सराव म्हणून कागदावर माझं नाव लिहून पाहिलं. अक्षर बरं आलं. पण एकटं बरं दिसेना, म्हणून शेजारी तनूसचंही लिहिलं.

आता झोप नीट. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
दादा