बिननावाच्या पणतीला खाजण

मी, हौसा काशिराम घरत, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (आधार कार्डावर एक्क्याऐंशी आहे, ते कार्डवाल्या मुलाने माझ्या तोंडाकडे बघून लिहिलं), राहणार गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला पनवेलच्या डॉक्टर सायमा यांनी आज सकाळी दिला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "मंगळवार. म्हणून तर घरात मासळी नाही." त्या हसल्या आणि शिक्का मारला. मला कोणी भुलवलं नाही, धमकावलं नाही, नशापाणी करवलं नाही. नशापाण्याचं वाक्य वकिलांच्या नमुन्यात होतं, बरं वाटलं म्हणून ठेवलं. मी तिसरी पास, चौथी अर्धी. वेलांट्या वकिलांनी बघितल्या आहेत, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

लिहायचं पहिलं कारण आनंदाचं. एक फेब्रुवारीला माझी नात किशोरी, म्हणजे माझा मुलगा हसुराम याची मुलगी, माझ्याच घरात बाळंतपणाला आलेली असताना तिला मुलगी झाली. मला पणती झाली! मूठ एवढीशी, पण पिळून धरते. माझं बोट धरलं तर सुटेना. हसून हसून माझी कवळी निसटली. या आनंदात मी दहा दिवस धड झोपले नाही आणि मला त्याचा काही त्रास नाही.

दुसरं कारण रागाचं. पाचवीच्या दिवशी घरात पाटा मांडलेला, कोरा कागद आणि पेन ठेवलेलं, सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार म्हणून. आणि त्याच दिवशी माझा हसुराम एका कंत्राटदाराला घेऊन घरामागच्या खाजणात, म्हणजे खाडीचं पाणी शिरतं त्या सखल जागेत, टेप धरून उभा! मी मागच्या दारातून विचारलं, "काय मोजतोस रे?"

"आये, भराव टाकायचा हाय. इमानतळावर जाणारी लोकं गाड्या ठेवायला जागा शोधतात. ऐंशी गाड्या आरामात बसतील."

"आणि भरतीचं पाणी कुठं बसेल?"

"त्याचं बघू पुढं."

हे "पुढं" म्हणजे कोण, ते आत दुपट्यात झोपलं होतं. त्या दिवशीच मी ठरवलं, सटवाईने काय लिहायचं ते लिहू दे, मला पण चार ओळी लिहिता येतात.

कलम १. घर. वरचं-खालचं सगळं घर हसुरामला. त्याच्यावर राग आहे, पण मुलगा आहे, आणि घराची कौलं काढून स्लॅब त्यानेच टाकला. अंगणातली तुळस ज्या जागी आहे त्याच जागी राहील. मागे एकदा गाडी वळायला अडचण होते म्हणून तिला कोपऱ्यात ढकलली होती. मी परत ओढून आणली, कंबर धरली ती आठ दिवस. ते आठ दिवस मी विसरलेले नाही.

कलम २. दागिने. पुतळ्यांची माळ सुनेला. तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही आणि उलट बोलली तरी तोंडावर बोलली. नथ किशोरीला. पाटल्या मी मागेच मोडून खाल्ल्या, त्यांचा शोध घेऊ नये.

कलम ३. फावडी दोन, घमेली चार, कुदळ एक. ही कोणाला द्यायची याचा मी फार विचार केला, कारण घेणारं कोणी दिसत नाही. शहरातल्या माणसांनी हे वाचलं तर समजावं म्हणून सांगते. आमच्या शेतांच्या आणि खाडीच्या मध्ये मातीचा बांध. बांधात लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी बाहेर. भरतीला बंद, खारं पाणी बाहेरच. उधाणाला बांध फुटला की त्याला म्हणायचं खांड गेली. "खांड गेली!" अशी हाक आली की घरटी एक माणूस बांधावर. कोणाच्या शेताजवळ फुटला हे कोणी विचारत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, हसुराम पोटात, तरी चिखलाची ढेकळं डोक्यावरून वाहिली. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी हायस, एकच ढेकूल घे." मी एकच घेतलं. सगळ्या बायांनी एकेकच घेतलं होतं. त्याचाच बांध झाला.

आता गेल्या श्रावणातलं ऐका. नारळी पौर्णिमेचं उधाण, वरून पाऊस, दुपारी दोनची वेळ. सखूबाई, माझी शेजारीण, मागच्या दारात येऊन ओरडली, "हौसे, खांड गेली!" माझ्या अंगात वारं आलं. मी पदर खोचला आणि पुढच्या दारी गेले. बघते तर आख्खी आळी पळत होती. मला भरून आलं. म्हटलं, गाव अजून जिवंत आहे. मग बघितलं, सगळे गाड्यांकडे पळत होते. हसुरामने आपली काढली, माझा नातू प्रितेश, किशोरीचा भाऊ, याने त्याची ती काळी, बैलजोडीएवढी उंच गाडी काढली, आणि सगळी रांग निघाली हायवेच्या पुलावर. उंच जागा ना! पुलावर लाईनीत गाड्या लावून गावातले धडधाकट पुरुष त्यांच्या शेजारी छत्री धरून उभे. बांधावर कोण होतं? मी, सखूबाई आणि एक कुत्रा. पाणी गुडघाभर घरात आलं. तांदळाची कोठी गेली, सुनेची शिलाई मशीन गेली.

संध्याकाळी प्रितेश कोरडा परत आला. मी काही बोलायच्या आधीच म्हणतो, "आजी, गाडीत पाणी शिरलं की इन्शुरन्सवाले कटकट करतात."

"आणि घरात शिरलं की?"

"घराचा इन्शुरन्स नाय आपला."

"मग घर पुलावर का नाही नेलंस?"

मग त्यानेच विषय वाढवला. "आजी, दर्या वर यायला लागलाय तो सगल्या जगाच्या धुराने. आपल्या एकट्याच्या गाडीने काय होणार हाय?" मी म्हटलं, माझ्या एकटीच्या ढेकळाने काय होणार होतं? त्याला ते कळलं की नाही मला माहीत नाही. मोबाईल वाजला म्हणून तो बाहेर गेला.

तर फावडी आणि घमेली प्रितेशला. विकायची नाहीत, भंगारात द्यायची नाहीत. काळ्या गाडीच्या डिकीत ठेवायची, तिथं जागा भरपूर आहे.

कलम ४. पांढरी मोटार. ताडपत्रीखाली उभी आहे ती तीस वर्षं जुनी मोटार माझे मालक काशिराम यांची. इथं मला माझंही लिहायला पाहिजे, नाहीतर म्हातारी दुसऱ्यांनाच शिव्या देऊन गेली म्हणतील. वरची भातशेती सरकारने घेतली तेव्हा आम्हाला पैसा मिळाला. मालकांनी पहिल्यांदा काय आणलं? ही मोटार. मी मागे बसून पनवेलच्या बाजारात दोन कोथिंबिरीच्या जुड्या आणायला जायची, काच वर करून, गजरा माळून. चालत जाणाऱ्या बाया दिसल्या की मुद्दाम हॉर्न वाजवायला सांगायची. सखूबाईच्या अंगावर चिखल उडवला होता, ते ती अजून बोलून दाखवते, आणि बरोबर बोलते. तेव्हा बांधाची डागडुजी करायला म्हातारे लोक बोलवायला आले, तर मालक म्हणाले, "आता शेतीच नाय तर बांध कशाला? आपलं निभावलं, पुढच्यांचं पुढचे बघतील." मी आत बसून ऐकलं आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. हसुराम तेव्हा दारातच उभा होता. शिकला कुठून, असं मी कोणत्या तोंडाने विचारू?

उघाडीच्या खांबाला माझ्या सासऱ्यांनी मोठ्या उधाणाची खूण कोरली होती. तेवढं पाणी त्यांनी जन्मात एकदा बघितलं. आता दर वर्षी दोन-तीनदा खूण पाण्याखाली जाते. हे मला कोणी टीव्हीवर सांगितलेलं नाही, मी माझ्या डोळ्यांनी बघते. आमच्या पिढीने मजा मारली, पोरांच्या पिढीने दुप्पट मारली, आणि पाणी मात्र जिचे डोळे अजून नीट उघडत नाहीत तिच्याकडे निघालंय. याची लाज कोणालाच वाटत नाही, म्हणून मी एकटी वाटून घेते. मोटार कळंबोलीला भंगारात घालावी. तिच्यावर हार घालू नये.

कलम ५. खाजण. घरामागचं बावीस गुंठे खाजण, सातबाऱ्यावर मी एकटी. मालकांनी जाण्याआधी माझ्या नावावर केलं, कारण त्यांना ते निकामी वाटत होतं. निकामी! अर्ध्यात तिवरांची झाडं उगवली आहेत, चिखलात निवट्या मासे आहेत, चिंबोऱ्या आहेत, आणि भरती आली की ते पाणी पोटात घेतं. शेजारच्यांनी आपापली खाजणं भरली, म्हणून पाणी आमच्या घरात गुडघाभर आलं. आमचं भरलं की सखूबाईच्या घरात कमरेएवढं जाईल. मी माहेरची चिरनेरची. तिथं तीसच्या साली जंगलाच्या हक्कासाठी माणसं गोळीला सामोरी गेली. त्यांना काय त्या जंगलात आपल्या मोटारी लावायच्या होत्या?

हे संपूर्ण खाजण मी किशोरीच्या मुलीला देते. तिला अजून नाव नाही. बारसं परवा आहे. मी वकिलांना विचारलं, बिननावाच्या माणसाला जमीन देता येते का? ते म्हणाले, आईचं नाव आणि जन्मतारीख घाला, चालतं. म्हणून लिहिते: किशोरी हिच्या पोटी एक फेब्रुवारी दोन हजार सव्वीस रोजी जन्मलेली मुलगी. ती अठरा वर्षांची होईपर्यंत किशोरीने सांभाळायचं. तोवर एक घमेलं मुरूम पडणार नाही, एक तिवर तुटणार नाही, एक चाक आत येणार नाही. अठरानंतर तिला जे करायचं ते करो. तिलासुद्धा ते भरावंसं वाटलं तर मी काय करणार? पण तिने स्वतः पाण्यात उभं राहून ठरवावं. तिच्या वतीने पुलावर उभं राहून कोणी ठरवू नये.

कलम ६. सखूबाईला मी काही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवलं तर ते बाद होतं. हे ऐकून ती म्हणाली, "मंग मी सही कशाला करू? माझा काय फायदा?" मी म्हटलं, तुझं घर कोरडं राहील. ती म्हणाली, "ते आधी बोलायचं ना."

कलम ७, शेवटचं. हा कागद माझ्या मरणानंतर उघडायचा नाही. वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्र मेल्यावरच वाचतात." मी म्हटलं, मग भांडण कोणाच्या गळ्यात? हसुराम किशोरीशी भांडेल, भाऊ बहिणीशी भांडेल, आणि ती पोर कोर्टाच्या पायऱ्यांवर मोठी होईल. सगळं आपल्या मागे टाकून जायचं, हेच तर आम्ही आयुष्यभर केलं. एवढं एक भांडण मी मागे ठेवणार नाही. परवा बाळाच्या कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, की वकिलांनी हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. पुरुषमंडळींनी उठून जायचं नाही. हसुराम, तुला ओरडायचं असेल तर मी समोरच पाटावर बसलेली असेन. मला अजून चांगलं ऐकू येतं, आणि उत्तर पण देता येतं.

वरचा मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी रडले, एका ठिकाणी हसले, आणि राजीखुशीने सही केली.

सही: हौसा काशिराम घरत

आमच्या डोळ्यांदेखत हौसाबाईंनी सही केली आणि त्यांच्या समोर आम्ही केली:
१. डॉ. सायमा, पनवेल (सही)
२. सखूबाई, गव्हाण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: गव्हाण, तालुका पनवेल
दिनांक: १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार