तळघरावर अकरा मिनिटं

३ ऑक्टोबर, सकाळी १०.४०
सॉफ्टवेअर सुरू झालं. आता फक्त गाळे भरायचे उरलेत.

गहिनी आर्केडचा संपूर्ण नकाशा यापुढे इंटरनेटवर. कुठला गाळा केवढा, कुणाकडे, करार कधी संपतो, सगळं एका क्लिकवर. भरलेला गाळा हिरवा, रिकामा लाल, बोलणी चालू असलेला पिवळा. तूर्त तळघरातले तीन हिरवे, वरचे एकवीस लाल. असं सॉफ्टवेअर असलेली ही नगरमधली पहिलीच इमारत असावी. चौकशी केलेली नाही.

मालक गहिनीनाथ शेठ यांची अट: ३१ डिसेंबरपर्यंत वरचे दहा गाळे भरले नाहीत, तर व्यवस्थापकाची खुर्ची त्यांच्या मेव्हण्याला. मी म्हणालो, शेठ, पंधरा धरा. ते म्हणाले, सॅम, तू दहाच भर.

सायंकाळी ७
घरी बायकोला, आराधनाला सांगितलं. तिनं विचारलं, भरलेले किती? म्हणालो, तीन. ती म्हणाली, तीन तर तू लागायच्या आधीपासून आहेत. शाळेत शिकवणाऱ्या माणसांना आकडे फार लवकर सुचतात. चार वर्षांतली ही माझी तिसरी नोकरी, हे ती बोलली नाही. चपात्या मात्र जोरात लाटल्या.

६ ऑक्टोबर
सॉफ्टवेअरच्या कंपनीनं इमारतीचा मंजूर नकाशा मागितला. शेठ म्हणाले, ती फाईल कशाला पायजे, टेप घे अन् मोज. दिवसभर मोजलं. चार वाजता लोखंडी कपाटात, जुन्या कॅलेंडरांखाली, फाईलही सापडली. तिच्यात तळघरात गाळेच नाहीत, 'वाहनतळ' लिहिलंय! एवढी मोठी चूक पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली.

दोन्ही नकाशे शेजारी शेजारी टाकले. एक 'मंजूर', एक 'प्रत्यक्ष'. पारदर्शकता हवी. खाली लिहिलं: माहिती संकलन, सॅम्युएल पाटोळे, व्यवस्थापक.

१५ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक. दातांचे डॉक्टर. अकरा पायऱ्या चढून तळमजल्यावर आले, धापा टाकत लिफ्ट कुठंय विचारलं. मी म्हणालो, नकाशात आहे. विचार करून कळवतो म्हणाले. दोन गाळे पिवळे केले.

१७ ऑक्टोबर
डॉक्टर फोन उचलत नाहीत. म्हणजे पेशंट भरपूर. वेटिंग रूम लागणारच. तिसरा गाळा पिवळा.

२९ ऑक्टोबर
पिवळे नऊ. त्यात ट्यूशनवाले एक सर धरलेत, जे पायऱ्यांवर बसून वडापाव खाऊन गेले. बसले म्हणजे जागा आवडली.

शेठचा फोन. मोबाईलवर नकाशा बघून खूश. हळद लागल्यावानी दिसती की रं बिल्डिंग, म्हणाले. पण लग्न कधी? म्हणालो, प्रक्रिया चालू आहे.

३ नोव्हेंबर
अडथळा सापडला. लंकाबाई. समोर तिची चहाची गाडी आहे. गाळा बघायला येणारा आधी तिथं चहा पितो, आणि मग माझ्याकडे येतच नाही. तिला विचारलं, तुम्ही लोकांना काय सांगता? ती म्हणाली, खरं त्येच सांगते दादा. पानी दोन दिसाआड, लिफ्ट न्हाई, पायऱ्या लई. खोटं बोलू व्हय?

तिला वेबसाईट दाखवली. बोटानं वरखाली करून बराच वेळ बघितली. म्हणाली, झ्याक हाय. ह्यात पानी कुटं आलं?

अशा माणसांशी वाद घालायचा नाही, असं ठरवलं.

७ नोव्हेंबर
नशीब उघडलं, तेही लंकाबाईच्याच गाडीवर. नगररचना खात्यातले एक साहेब चहा पिता पिता सोबतच्याला सांगत होते, ऑफिसात फायली ठेवायला जागा नाही, कपाटं संडासापुढे आलीत. मी तिथंच ओळख करून घेतली आणि लिंक पाठवली. अर्ध्या तासात अंगठा आला. दुसरा मजला अख्खा पिवळा! सरकारी भाडेकरू, म्हणजे जन्माचा.

साहेब गेल्यावर लंकाबाई म्हणाली, दादा, त्याला कशाला घरात घेता? त्यो जाईल तिथं कायतरी बंद पडतं. मी मनात म्हणालो, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही लोकांना.

१० नोव्हेंबर
कोण काय किती वेळ बघतं, तेही सॉफ्टवेअर सांगतं. साहेबांनी नकाशा चौदा वेळा उघडला. दुसऱ्या मजल्यावर चार सेकंद. तळघरावर अकरा मिनिटं!

विचार केला. ऑफिस वर, फायली खाली. अर्थात. दुसरा मजला त्यांच्या मनात पक्का आहे, म्हणून चार सेकंद.

१९ नोव्हेंबर
साहेब आले. सोबत दोन माणसं, टेप, कॅमेरा. थेट तळघरात. मी टेपचं दुसरं टोक धरलं. झेरॉक्सच्या रॅकमागची भिंत त्यांना दिसत नव्हती, ती रॅक सरकवून दाखवली. साहेब जास्त बोलले नाहीत. मोठी माणसं व्यवहाराआधी बोलत नाहीत.

झेरॉक्सवाला भीमराज आठ वर्षं या गाळ्यात आहे. त्यानं हळूच विचारलं, काय चाललंय, सॅमसाहेब? मी कानात सांगितलं, मोठं गिऱ्हाईक, तुमच्याकडे रांग लागेल. त्यानं सगळ्यांना चहा सांगितला. साहेबांनी घेतला नाही. फोटो काढून गेले.

२७ नोव्हेंबर
रजिस्टर्ड पत्र आलं. 'प्रति, व्यवस्थापक.' सरकार दरबारी माझ्या पदाची ही पहिलीच नोंद.

मजकूर: वाहनतळाच्या जागी विनापरवाना बांधलेले तीन गाळे महिन्याभरात रिकामे करावेत, अन्यथा सील. पुरावा म्हणून माझे दोन्ही नकाशे जोडलेत, रंगीत. प्रिंट सुरेख आली आहे.

गैरसमज दिसतो.

२८ नोव्हेंबर
खरमरीत उत्तर पाठवलं. आमचे दोन्ही नकाशे इंचाइंचानं बरोबर असून मी त्यांची पूर्ण जबाबदारी घेतो. आता काय करतील?

दुपारी शेठचा फोन. सगळे शब्द लिहीत नाही. शेवटचं वाक्य: पंधरा वर्सं एक फाईल दाबून ठेवली हुती, ती तू जगाला दावली.

११ डिसेंबर
दातांच्या डॉक्टरांनी पलीकडच्या कॉम्प्लेक्समध्ये पाटी लावली. लिफ्टसमोर. तीन गाळे लाल. ट्यूशनवाल्या सरांचा लाल. दुसरा मजला अजून पिवळाच ठेवलाय. सरकार एका हातानं मारतं, दुसऱ्या हातानं देतं.

आराधनानं विचारलं, कामावर काय झालंय? म्हणालो, तांत्रिक अडचण. ती करंज्यांचं सारण ढवळत होती. म्हणाली, यंदा नाताळला मला साडी नको. का, म्हणालो. उगाच, म्हणाली.

२४ डिसेंबर
शेठनी एकतीस तारखेची वाट पाहिली नाही. त्यांचा मेव्हणा कानिफनाथ किल्ल्या आणि पासवर्ड घ्यायला आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, एवढं लाल म्हंजी सगळं भरलंय का? समजावून सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं नाही, वाटायला हवं होतं.

घरी आराधनाला सांगितलं. तिला माहीत होतं. एक तारखेपासून ती संध्याकाळी तीन घरी शिकवणी घेते. मी समजत होतो, कॅरोलच्या सरावाला जाते.

जानेवारीसाठी काही योजना सुचल्या होत्या. लिहिल्या नाहीत.

२७ डिसेंबर
आज तळघर रिकामं करायचा शेवटचा दिवस. माझं तिथं काही काम नव्हतं. गेलो.

बाकीचे दोघं कालच गेले होते. भीमराजचं मशीन टेम्पोत चढवायला एक माणूस कमी पडत होता. मी धरलं. फार जड असतं ते. आता घोडेगावला भावाच्या ओट्यावर बसवणार. बाजाराच्या दिवशी तरी मानूस दिसंल, म्हणाला. पोरगी बारावीला आहे, तिला मात्र इथंच नात्यात ठेवतोय.

शेठनी तिघांना सांगितलंय, पलीकडच्या कॉम्प्लेक्सवाल्यानं तक्रार केली म्हणून. भीमराज दोर आवळत म्हणाला, आठ वर्सं कुनाच्या डोळ्यावर आलं न्हाई हो. तुमी तर टेप धरून हुता, तुमाला बी काय म्हाईत असनार बिचाऱ्याला. अन् आज बी तुमीच आलात, दुसरं कोन आलं? त्या पलीकडच्यानंच केलं असंल, न्हाई?

मी म्हणालो, असेल.

त्यानं केलेलं नाही.